एएम रेडिओ बंद होतोय का? मिडियम वेव्हबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरी कुणी आलं की कपाटावरचा रेडिओ दिसतो, मग "हा अजून चालतो?" इथपासून प्रश्न सुरू होतात. चारपाच वर्षं तीच उत्तरं देतोय, म्हणून एकदाची लिहून काढली. मी इंजिनियर नाही. वाईला घर आहे, वडलांमुळे, म्हणजे अण्णांमुळे, रेडिओचा नाद लागला आणि रात्री लांबची स्टेशनं शोधत बसायची सवय आहे, तेवढंच.

एएम, मिडियम वेव्ह आणि आकाशवाणी हे सगळं एकच का?

एकच नाही, पण घोळ होतो तो का होतो ते कळतं. एएम ही आवाज रेडिओलहरीवर चढवायची पद्धत आहे, आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त करायची. एफएममध्ये उंची तशीच राहते, फ्रिक्वेन्सी हलते. मिडियम वेव्ह हा पट्टा, आपल्याकडे साधारण ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, दर ९ किलोहर्ट्झवर एक जागा. शॉर्टवेव्हवरसुद्धा एएमच असतं, म्हणजे तुमचे आजोबा कान लावून रेडिओ सिलोन ऐकायचे ते शॉर्टवेव्हवर पण एएमच. आणि भारतात मिडियम वेव्हवर आकाशवाणीशिवाय दुसरं कुणी नाहीच, त्यामुळे लोक तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि मीसुद्धा इथे तसंच करणारे.

खरंच बंद होतोय का? सरळ सांगा.

हळूहळू होतोय. त्याची पद्धत अशी की ट्रान्समीटर जुना होतो, सुटे भाग मिळेनासे होतात, मग पॉवर कमी करून चालवतात, मग दुपारची सभा, म्हणजे दुपारचं प्रसारण, फक्त एफएमवर जाते आणि मग एक दिवस तुम्ही काटा नेहमीच्या जागी आणता तर तिथे काहीच नसतं. कार्यक्रम मात्र एफएमवर किंवा ॲपवर चालू असतो, त्यामुळे "स्टेशन बंद पडलं" असं म्हणताही येत नाही आणि पेपरात बातमी पण येत नाही.

नागपूरचं उदाहरण घ्या. १९८८ च्या मे महिन्यात आकाशवाणीने नॅशनल चॅनेल सुरू केलं, नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर, १००० किलोवॅटचा अवाढव्य ट्रान्समीटर. संध्याकाळी सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत, आणि रात्री देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात लागायचं. वॉचमन, ट्रक ड्रायव्हर, रात्रपाळीवाले, झोप न लागणारे म्हातारे, हे त्याचे श्रोते. २०१९ च्या सुरुवातीला ते चॅनेल खर्च कमी करायचा म्हणून गुंडाळलं. आमच्या घरात हे कळायला दोन आठवडे गेले, कारण अण्णांना वाटत होतं की रेडिओच बिघडलाय.

आमच्याकडे नुसती खरखर येते. म्हणजे स्टेशन गेलं असं समजायचं का?

आधी घरातली मेन स्विच बंद करून बघा! खरं सांगतो.

आमच्याकडे पुणे ७९२ वर लागायचं, आयुष्यभर लागायचं, आणि एका दिवाळीनंतर अचानक त्याच्यावर करवतीसारखा आवाज बसला. अण्णा म्हणाले पुणेवाल्यांनी पॉवर कमी केली. मी सेल टाकून रेडिओ हातात घेतला आणि घरभर फिरलो. स्वयंपाकघरात कमी, देवघरात जास्त, टीव्हीच्या टेबलापाशी तर कान फुटायची वेळ. सेट टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर! नवीन आणला होता, दीडशे रुपयांचा, कंपनीचं नाव पण त्याच्यावर नीट छापलेलं नव्हतं. तो काढला तर अर्धी खरखर गेली, उरलेली अर्धी जिन्यातल्या एलईडी बल्बची निघाली. बल्ब बदलला तेव्हा पुणे परत आलं आणि अण्णा वर म्हणाले, "बघ, दुरुस्त केलं त्यांनी."

होतं काय, की स्वस्त चार्जर, एलईडी, सोलरचे इन्व्हर्टर, वायफायचे ॲडॉप्टर हे सगळे वीज सेकंदाला हजारो वेळा चालूबंद करून काम करतात आणि त्यातून जो कचरा हवेत जातो तो नेमका मिडियम वेव्हच्या पट्ट्यात पडतो. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत असतो आणि हा कचरासुद्धा उंचीच हलवतो, त्यामुळे रेडिओला दोघांतला फरक कळत नाही. एफएमला त्याचं विशेष काही वाटत नाही. माझ्या मते एएमचा खरा घात याने केला, सरकारने नंतर. लोकांनी आधी ऐकणं सोडलं कारण ऐकूच येईना, आणि मग "कुणी ऐकत नाही" म्हणून ट्रान्समीटर बंद करायला कारण मिळालं.

एरियल पूर्ण ओढली तरी फरक पडत नाही, असं का?

कारण ती एरियल मिडियम वेव्हसाठी नाहीच. ती एफएम आणि शॉर्टवेव्हची. मिडियम वेव्हची एरियल डब्याच्या आत असते, पेन्सिलीएवढी काळी फेराइटची कांडी आणि तिच्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. ती आडवी असते आणि तिला दिशा असते. म्हणून रेडिओ उचलून गोल फिरवायचा, एका जागी आवाज भरतो, तिथून काटकोनात वळवलं की पार बसतो. जुनी माणसं रेडिओ खिडकीत तिरका का ठेवायची आणि कुणी पुसायला हलवला तर का ओरडायची, ते यामुळे.

एफएम आहे की! आवाज पण चांगला. मग जुन्याचा अट्टहास कशाला?

आवाजाबद्दल वादच नाही. एएममध्ये वरचे सूर कापले जातात, गाणं ऐकायला एफएमच बरं, बातम्या नि भाषणं मात्र एएमवर छान ऐकू येतात.

प्रश्न पोचण्याचा आहे. एफएमची लहर ३ मीटरच्या आसपास, ती सरळ जाते आणि डोंगर आला की पलीकडे सावली पडते. ७९२ किलोहर्ट्झची लहर जवळजवळ ३८० मीटर लांब, ती जमिनीला धरून जाते, दरीत उतरते, घाट ओलांडते. १०० किलोवॅटचं मिडियम वेव्ह केंद्र दिवसा दीडशे-दोनशे किलोमीटर सहज जातं. एप्रिल २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशभरात ९१ नवे एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, गाजावाजा बराच झाला, पण ते प्रत्येकी १०० वॅटचे. एका ट्रान्समीटरने एक तालुक्याचं गाव आणि आजूबाजूची थोडी वस्ती होते. जावळीतल्या एखाद्या वाडीला अशाने रेडिओ द्यायचा तर किती डोंगरांवर किती टॉवर लावणार?

आकडा सांगतो. आकाशवाणी नेहमी म्हणते की आम्ही देशातल्या ९९ टक्के लोकांपर्यंत आणि ९२ टक्के भूभागापर्यंत पोचतो. यात मिडियम वेव्ह धरलेलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसारभारतीसाठी अडीच हजार कोटींची योजना मंजूर केली तेव्हा नुसत्या एफएमचे आकडे दिले होते, ६८ टक्के लोकसंख्या आणि ५९ टक्के भूभाग, आणि ते ८० आणि ६६ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. म्हणजे सगळं ठरल्यासारखं झालं तरी एक तृतीयांश देश एफएमच्या बाहेर. डोंगर, जंगल, समुद्रकिनारा, सीमाभाग, असलाच देश असणार तो.

पण आमच्या साताऱ्याची, कोल्हापूरची आकाशवाणी तर पहिल्यापासून एफएमवरच आहे ना?

बरोबर. नव्वदीच्या आसपास जी जिल्ह्याजिल्ह्यात लोकल केंद्रं निघाली, नाशिक, नगर, बीड, धुळे वगैरे, ती एफएम म्हणूनच जन्मली. त्याच्या आधीची मिडियम वेव्हवाली. मुंबई अस्मिता ५५८, विविधभारती ११८८, पुणे ७९२, नागपूर ५८५, सांगली १२५१, जळगाव ९६३, परभणी १३०५, रत्नागिरी ११४३, पणजी १२८७, हे आकडे आमच्या पिढीला पिनकोडसारखे पाठ. आज यातलं काय लागतं काय नाही ते तुमच्या गावात तुम्हीच काटा फिरवून बघा आणि दिवसा बघा, रात्री वेगळाच बाजार असतो, त्याबद्दल खाली लिहिलंय.

चालवायला एवढा खर्च येतो का?

येतो, आणि इथे मी आकाशवाणीला दोष देत नाही. एएममध्ये बोलणारा थांबला तरी मूळ लहर, जिला कॅरियर म्हणतात, ती पूर्ण ताकदीने चालूच ठेवावी लागते. निवेदक पान उलटायला थांबला तरी विजेचा मीटर पळतोय. आपण ढोबळ हिशोब करू: १०० किलोवॅटच्या ट्रान्समीटरने सगळं मिळून १३५ किलोवॅट वीज ओढली आणि दिवसाला १७ तास चालला तर जवळजवळ २३०० युनिट झाले. आमच्या घराला महिन्याला ११०-१२० युनिट लागतात, म्हणजे वीस घरांची महिनाभराची वीज हा गडी एका दिवसात खातो. वर एसी, जनरेटर, तीन पाळ्यांची माणसं. १०० वॅटचा एफएम ट्रान्समीटर त्या मानाने मिक्सरपेक्षा कमी खातो. हिशोबनीस कुठल्या बाजूला उभा राहील ते वेगळं सांगायला नको.

आणि जमीन. मिडियम वेव्हचा टॉवर म्हणजे नुसता खांब नसतो, तो अख्खा टॉवरच एरियल असतो, लहरीच्या पाव लांबीएवढा उंच. ७९२ साठी ९५ मीटर, ५५८ साठी १३४ मीटर. त्याच्या भोवती जमिनीत चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात, तेवढाच घेर मोकळा ठेवायला लागतो. पूर्वी गावाबाहेर माळ होता तिथे हे बसवलं, आता गाव तिथे येऊन पोचलंय आणि त्या माळाची किंमत ऐकली तर रेडिओवाल्यालाही घाम फुटेल. तांबं चोरीला जातं ते वेगळंच.

खाजगी कंपन्या का नाही एएम चालवत?

परवानगीच नाही. खाजगी रेडिओ २००१ पासून आला तो फक्त एफएममध्ये, तोही आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्यापलीकडे स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई. पण समजा उद्या परवानगी दिली तरी कोण येणार? जाहिरातवाल्याला शहरातला गिऱ्हाईक पाहिजे आणि तो एफएमवर आहे. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखे सामुदायिक रेडिओ चांगलं काम करतात, पण तेही एफएमच, आणि दहापंधरा किलोमीटरच्या पुढे त्यांना जाताच येत नाही.

रात्री मधेच चिनी, अरबी, काय काय लागतं ते कसं?

हाच तर माझा नाद! दिवसा उन्हाने वातावरणाच्या वरच्या भागात एक थर तयार होतो, तो मिडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून हजार-दोन हजार किलोमीटरवर खाली येतात. म्हणून थंडीत रात्री अकरानंतर वाईच्या गच्चीवर बसून आखाती देशांतली, मध्य आशियातली स्टेशनं ऐकू येतात. आवाज लाटेसारखा येतो, भरतो, बुडतो. याच कारणाने तुमचं जवळचं स्टेशन रात्री खराब लागतं, एकाच फ्रिक्वेन्सीवर लांबचा कुणीतरी येऊन बसतो. गेल्या काही वर्षांत मात्र एक झालंय, जगभर स्टेशनं बंद पडायला लागली तशी रात्रीची गर्दी कमी झाली आणि उरलेली जास्त स्वच्छ लागतात. नादिष्टांची चैन आहे, पण कशामुळे आहे ते आठवलं की जरा कसंतरी होतं.

दाजींनी इलेक्ट्रिक गाडी घेतली, तिच्या रेडिओत एएमच नाही. शोरूमवाला म्हणतो आता कुणीच देत नाही. खरं का?

सगळेच असं नाही, पण कल तो आहे. वर चार्जरचं सांगितलं तेच, फक्त हजारपट मोठं. इलेक्ट्रिक गाडीत मोटर चालवायला जो इन्व्हर्टर असतो तो मोठाले करंट सतत तोडतजोडत असतो, आणि रेडिओ त्याच्यापासून दोन हातांवर. शिल्डिंग, म्हणजे भोवती धातूचं आवरण, करता येतं, पण त्याला पैसे आणि वजन लागतं, म्हणून कंपन्यांनी सोपा मार्ग काढला, एएमच काढून टाकलं.

अमेरिकेत यावरून चांगलंच रान पेटलं. तिकडे चार हजाराच्या वर एएम स्टेशनं आहेत, शेतकरी आणि छोट्या गावांचं ते माध्यम, शिवाय सरकारची आणीबाणीची सूचना पाठवायची व्यवस्था ज्या मोठ्या स्टेशनांवर उभी आहे त्यातली बरीच एएम आहेत. टेस्ला, बीएमडब्ल्यू, व्होल्वो यांनी इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम काढलं. फोर्ड तर साध्या गाड्यांतूनही काढणार होती, पण मे २०२३ मध्ये खासदारांनी दोन्ही पक्षांकडून बिल आणलं की प्रत्येक नव्या गाडीत एएम पाहिजेच, आणि आठवड्याभरात फोर्डच्या प्रमुखाने निर्णय फिरवला. बिल मात्र तेव्हा पास झालं नाही, २०२५ मध्ये परत मांडावं लागलं. आपल्याकडे कार रेडिओवर असा प्रश्न कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

बाकीच्या देशांनी काय केलं?

युरोपने जवळजवळ हात झटकले. जर्मनीच्या सार्वजनिक रेडिओने २०१५ अखेर मिडियम वेव्ह बंद केलं, फ्रान्सचंही तसंच. जपानचं बघण्यासारखं आहे, कारण भूकंपाचा देश. तिथल्या ४७ खाजगी एएम कंपन्यांपैकी ४४ जणांनी २०२१ मध्ये सांगितलं की २०२८ पर्यंत आम्ही एफएमवर जाणार, कारण टॉवर जुने झाले आणि नवे बांधायला पैसे नाहीत. फरक एवढाच की त्यांनी तारीख सांगितली, आणि २०२४ पासून काही ठिकाणी आधी तात्पुरतं बंद करून लोकांची तक्रार येते का ते तपासलं. मला आवडलं ते हे. बंद करायचं तर करा, पण सांगून करा.

डिजिटल रेडिओ येणार होता त्याचं काय झालं?

आला की, तुम्हाला कळलं नाही एवढंच! डीआरएम म्हणून तंत्र आहे, याच मिडियम वेव्हवर डिजिटल. खरखर शून्य, आवाज एफएमच्या जवळ जाणारा, वीज एएमपेक्षा खूप कमी, पडद्यावर मजकूर पण येतो. आकाशवाणीने त्यासाठी ३५ च्या आसपास मिडियम वेव्ह ट्रान्समीटर बसवले, एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे करणारा आपलाच देश. आणि घोडं अडलं कुठे, तर ऐकायला रेडिओच नाही. साधा ट्रान्झिस्टर पाच-सातशेला मिळतो, डीआरएमचा सेट काही हजारांत आणि तोही दुकानात मागितला तर दुकानदार आपल्यालाच विचारतो ते काय असतं. काही गाड्यांमध्ये कंपनीने दिलेला असतो पण मालकाला पत्ता नसतो. आधी विहीर खणली, पोहरा आणायचा राहिला. निदान अंगणवाड्या-ग्रामपंचायतींना सेट वाटले असते तरी चित्र वेगळं झालं असतं असं मला वाटतं.

मोबाईलवर सगळं ऐकता येतं की आता.

येतं, आणि मी पण ऐकतो. न्यूज ऑन एआयआर ॲप आहे, प्रसारभारतीचं वेव्हज आहे, डीडी फ्री डिशवरही आकाशवाणीचे पुष्कळ चॅनेल लागतात. पुण्या-मुंबईतल्या माणसाला, दुबई-न्यू जर्सीतल्या भाच्याला यापेक्षा सोयीचं काही नाही. मोबाईलमधल्या एफएमचं म्हणाल तर तिथे हेडफोनची वायर एरियल होते, पण मिडियम वेव्हची फेराइट कांडी मोबाईलमध्ये मावणार नाही आणि मावली तरी आजूबाजूची सर्किटं तिला जगू देणार नाहीत.

पण ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. माझी मावशी दापोली तालुक्यातल्या गावात राहते. खांब पडले, वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली की मोबाईल गेले, आणि काही गावांना वीज परत यायला आठवडे लागले. तिच्याशी आमचं बोलणं पाचव्या दिवशी झालं, तेही कुणीतरी गाडी घेऊन रेंजमध्ये आलं म्हणून. दोन सेलवर चालणारा रेडिओ आणि शंभर-दीडशे किलोमीटरवर जनरेटरवर चालणारा एक ट्रान्समीटर, अशा वेळी एवढंच लागतं, मधे एकही टॉवर नको. मावशीकडे रेडिओ होता का? नव्हता. भंगारात दिला होता.

आता ऐकतं तरी कोण?

माझ्या ओळखीत ऊसतोड कामगारांच्या टोळीत एकदोन, मेंढपाळ, न्हावी, आणि मच्छिमार, कारण समुद्रावर ही लहर जमिनीपेक्षा लांब जाते आणि हवामानाचा इशारा कळतो. बाकी अण्णांच्या वयाचे. खोटं कशाला बोलू, संख्या कमी आहे.

अजून किती वर्षं चालेल? तुमचा अंदाज?

सगळी केंद्रं टिकणार नाहीत आणि टिकवूही नयेत, १ किलोवॅटची छोटी मिडियम वेव्ह केंद्रं एफएमवर गेली तर कुणाचं काही जात नाही. पण महाराष्ट्रापुरती तीन-चार मोठी, एखादी किनाऱ्यावर, एखादी विदर्भात, विम्यासारखी ठेवावीत असं माझं म्हणणं आहे. विमा काढताना परतावा किती असं आपण विचारत नाही. ठेवतील का? मला वाटतं जो ट्रान्समीटर आधी बिघडेल तो आधी जाईल, यापेक्षा जास्त विचार त्यात नसणार.

नवीन रेडिओ घ्यायचा तर कुठला घ्यावा?

सेलवर चालणारा, मिडियम वेव्ह आणि एफएम दोन्ही असलेला, आणि काटा फिरवायचा. यूएसबी, ब्लूटूथ, दिवे, टॉर्च असला सतरा गोष्टींचा घेऊ नका, त्यातल्या निम्म्यांत मिडियम वेव्ह नावाला असतं, आतली कांडी काडेपेटीतल्या काडीएवढी. दुकानातच एएमवर टाकून बघा, पण ट्यूबलाइटच्या खाली नको, पायरीवर येऊन.

माळ्यावर आजोबांचा मोठा रेडिओ आहे, चालू होईल का?

व्हॉल्व्हचा असेल, म्हणजे लावल्यावर तापायला अर्धा मिनिट घेणारा, तर थेट प्लगला लावू नका, इतकी वर्षं पडून त्यातले कपॅसिटर गेलेले असतात आणि धूर निघू शकतो. जुना मेकॅनिक शोधा. ट्रान्झिस्टरचा असेल तर आधी मागचं झाकण उघडा. दहा वर्षांपूर्वीचे सेल आतच फुटून हिरवी बुरशी धरलेली असेल, ती व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसा, स्प्रिंगा घासा, मग नवे सेल टाका. आणि ऐकून झालं की सेल काढून ठेवत जा.